नेपाळला विद्यार्थ्यांचा सेवा-अभ्यास दौरा: सुरक्षिततेची तयारी नेमकी कुठून सुरू करायची?

दिशादर्शक

शाळा-कॉलेजांचे परदेशी सेवा-अभ्यास दौरे म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव नेपाळचं निघतं. व्हिसा लागत नाही, खर्च आवाक्यात असतो, पाट्या देवनागरीत असल्यामुळे मुलांना परकं वाटत नाही. पण याच सोपेपणामुळे तयारी सहलीइतकीच होते आणि गट प्रत्यक्षात परदेशातल्या, पहाडी, भूकंपप्रवण भागात जाऊन पोचतो. जाणकारांनी नेमकी माहिती द्यावी म्हणून हा धागा.

सुरुवात करतो मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीपासून. मुलांची सुरक्षितता ठरते ती परतीचं तिकीट काढायच्या दिवशी. आठ दिवसांत काठमांडू, पोखरा, चितवन आणि वर गावातली शाळा असं कोंबलेलं वेळापत्रक असेल, तर एक दरड कोसळली की पुढचं सगळं घसरतं. मग विमान चुकू नये म्हणून रात्रीची बस काढली जाते, ताप असलेल्या मुलाला तसंच पुढे नेलं जातं, उंचीवर मुक्काम न करता एका दमात वर चढवलं जातं.

म्हणून दोन गोष्टी कागदावरच पक्क्या करा:

- आठ दिवसांच्या दौऱ्यात एक पूर्ण दिवस मोकळा. त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही.
- परतीच्या उड्डाणाआधीची शेवटची रात्र काठमांडू खोऱ्यातच. पोखरा किंवा चितवनहून पहाटे निघून दुपारचं विमान पकडायचा बेत कुणी मांडला तर तो तिथेच खोडायचा.

तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडतं. तो खर्च सुरुवातीलाच पालकांना सांगून माणशी वर्गणीत धरावा.

घाटवळण

रस्त्याबद्दल लिहितो, कारण नेपाळमध्ये सगळ्यात मोठा धोका तोच आहे. बिबळ्या, गेंडा, हिमस्खलन हे सगळं त्यानंतर.

काठमांडू–पोखरा अंतर सुमारे २०० किलोमीटर. आपल्या मनात लगेच पुणे–कोल्हापूरचा हिशेब येतो, पण इथे सात ते नऊ तास धरावे लागतात. रस्ता बराच वेळ त्रिशूली आणि मग मर्स्याङ्दी नदीच्या काठाने जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला थेट नदी. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखराहून काठमांडूला जाताना तनहूँ जिल्ह्यात याच मर्स्याङ्दीत कोसळली आणि पंचविसाहून जास्त माणसं गेली. त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, चितवन जिल्ह्यात सिमलताल इथे पहाटेच्या अंधारात दरडीने दोन बस त्रिशूलीत ढकलल्या. नारायणगढ–मुग्लिन हा तुकडा जेमतेम ३६ किलोमीटरचा, पण पावसाळ्यात सगळ्यात बेभरवशाचा.

नियम असे ठेवा:

सूर्यास्तानंतर घाटात गाडी नाही. कुणाच्याही सांगण्यावरून नाही. अंधारात दरड दिसत नाही आणि चालक पेंगतो. कोसळलेल्या गाडीपर्यंत मदतही उशिरा पोचते.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दौराच नको.

गोरखपूरहून सोनौलीमार्गे भारतीय बस घेऊन जाणं स्वस्त पडतं. भन्सार (सीमाशुल्क) भरलं की गाडी आत जाते. पण सपाट प्रदेशात गाडी चालवणारा चालक त्या घाटात नवखा असतो. सीमेपर्यंत आपली गाडी आणि पलीकडे स्थानिक चालकाची पर्यटक बस, हे जास्त बरं.

गाडी ताब्यात घेताना मुलं चढण्याआधी एकाने खाली वाकून टायर बघावेत. खाचा बोटाला जाणवल्या पाहिजेत, गुळगुळीत टायर असेल तर गाडी बदलून मागा. प्रत्येक आसनाला पट्टा आहे का, आपत्कालीन दार आतून उघडतं का, की त्याच्यासमोर जादा आसन ठोकलंय? टपावर सामान नको, गाडीचा तोल वर जातो. सात तासांच्या पल्ल्याला दुसरा चालक किंवा मध्ये मुक्काम. दर दोन तासांनी थांबा. चालकाला मुलांसोबतच जेवण द्या आणि रात्री झोपायला नीट खोली द्या. चालक गाडीतच झोपला तर दुसऱ्या दिवशी त्याची झोप मुलांच्या अंगावर येते.

पैसे असतील तर काठमांडू–पोखरा विमानाने साधारण अर्ध्या तासाचं आहे, पण धुक्यात ती उड्डाणं तासन् तास लांबतात. मोकळा दिवस तिथेही लागतोच.

वर्गशिक्षिका

खूप उपयोगी. आमचा नववी-दहावीचा गट दिवाळीच्या सुटीत न्यायचा विचार आहे, गावातल्या शाळेत आठवडाभर शिकवायचं. कागदपत्रांबद्दल गोंधळ आहे. आधार कार्ड चालतं की नाही?

हिशेबनीस

कागदपत्रांचा नियम वयानुसार बदलतो, त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांना वेगळे कागद लागू शकतात.

प्रौढांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. शिक्षक विमानतळावर इथेच अडकतात.

१५ वर्षांखालच्या मुलांना वय आणि ओळख दाखवणारं फोटोसह कागदपत्र पुरतं, त्यात आधार चालतं.

१५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. नमुना ठरलेला आहे, शाळेच्या लेटरहेडवर मनाने लिहिलेलं पत्र नव्हे.

माझं स्पष्ट मत: सगळ्यांचे पासपोर्ट काढा आणि प्रश्न मिटवा. नववीच्या वर्गात निम्मी मुलं चौदाची, निम्मी पंधराची असतात. शिवाय रुग्णालय आणि विमा दाव्याच्या कागदांवर पासपोर्टचा क्रमांक सगळ्यात सरळ चालतो. अठराखालच्या मुलाच्या पासपोर्टला पालकांची संमती लागते, म्हणून चार महिने आधी लागा.

मूळ पासपोर्ट मुलांच्या पाठपिशवीत नको. एका शिक्षकाकडे चेनच्या पाऊचमध्ये, वर्गवारीने. रंगीत प्रती दोन: एक दुसऱ्या शिक्षकाकडे, एक भारतातल्या संपर्कव्यक्तीकडे. हरवलाच तर आधी पोलिसात नोंद, मग काठमांडूत लैनचौरला आपल्या दूतावासात आपत्कालीन प्रवासपत्रासाठी अर्ज.

पैसे: भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६०, हा दर स्थिर आहे. शंभरच्या नोटा न्या. रुग्णालय भरती करताना आगाऊ रक्कम मागतं, म्हणून दोन शिक्षकांकडे दोन वेगळ्या बँकांची, परदेशी व्यवहार सुरू केलेली कार्डं हवीत.

डोंगरवाट

@वर्गशिक्षिका, दिवाळीच्या सुटीची हवा उत्तम, आकाश स्वच्छ असतं. पण त्याच सुमारास तिकडे दशैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा आणि दिवाळी, असतात. शाळांना सुट्या, माणसं गावी गेलेली, बसना तुफान गर्दी, दवाखान्यात मोजका कर्मचारीवर्ग. शिकवायला जाल आणि वर्ग रिकामे सापडतील. आधी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून त्यांच्या सुट्यांची यादी मागवा, मग तारखा धरा. तिकडे आठवड्याची सुटी शनिवारी असते, तेही लक्षात ठेवा. मार्चचा शेवट किंवा एप्रिलची सुरुवात जमते का बघा. नेपाळी शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. त्यामुळे तेव्हाही परीक्षा आणि निकालाचा काळ विचारून घ्यावा लागेल.

उंचीबद्दल. काठमांडू १४०० मीटर, पोखरा ८०० च्या आसपास, इथवर काही त्रास नाही. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरपुढे सुरू होतो. पोखराजवळच्या ट्रेकवरचं घोडेपाणी २८७० आहे, पुनहिल ३२१०. पूर्वी पायथ्याच्या नयापूलपासून पायी चढावं लागायचं, त्यात शरीर आपोआप रुळायचं. आता जीप बरीच वर जाते आणि गट सकाळी पोखरा सोडून संध्याकाळी घोडेपाणीत झोपतो, एका दिवसात दोन हजार मीटर. हे टाळा. पहिली रात्र उल्लेरी किंवा घान्द्रुकला, दोन्ही साधारण दोन हजार मीटरवर.

मुक्तिनाथ ३७०० मीटर. आपल्याकडचे बरेच गट तिथे जातात. जोमसोमला, २७४० मीटरवर, दोन रात्री काढा, वर दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली या. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात, दुपारकडे खोऱ्यात वारा चढतो.

तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं.

ओळखायचं कसं? डोकेदुखी आणि सोबत मळमळ, भूक न लागणं, गळून जाणं किंवा चक्कर. असं मूल वर नेऊ नका. तिथेच थांबवा, वाढलं तर खाली. सरळ रेषेत टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. झोकांड्या जात असतील, बोलणं विसंगत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याच क्षणी खाली न्यायचं, रात्र असली तरी. रात्री गाडी नको हा नियम खरा, पण इथे पायी, पाठीवर घेऊन, निदान तीन-चारशे मीटर तरी उतरवायचं. ऑक्सिमीटरचा आकडा बरा आहे म्हणून लक्षणांकडे काणाडोळा करू नका. गार बोटांवर त्या यंत्राचा आकडा वाटेल तसा हलतो.

औषधपेटी

अॅसिटाझोलामाइड या विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल: प्रतिबंधासाठी प्रौढांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मुलांना वजनानुसार, डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. सल्फाची अॅलर्जी विचारून घ्या. गोळी घेतली म्हणून भराभर चढता येतं असा समज मुलांत पसरतो, तो आधीच मोडा.

आता कुत्रे आणि माकडं. काठमांडूतल्या स्वयंभू स्तूपाच्या आणि पशुपतिनाथाच्या आवारात माकडं प्रसादाच्या पिशवीवर झडप घालतात. हातात खाऊ दिसता कामा नये.

रेबीजची लस आधी घेऊन जाणं मी आग्रहाने सांगेन. शून्याव्या आणि सातव्या दिवशी, दोन मात्रा. का, ते बघा. आधी लस घेतलेल्या मुलाला चावा बसला तर पुन्हा फक्त दोन मात्रा, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. लस न घेतलेल्याला रक्त काढणाऱ्या जखमेत चार-पाच मात्रा आणि शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). ते पहाडी गावात मिळेल याची खात्री नाही, म्हणजे पुन्हा काठमांडूची धावपळ. काठमांडूत टेकूचं शुक्रराज रुग्णालय यासाठी ठरलेलं ठिकाण आहे.

चावा, ओरखडा, चाटलेली जखम, काहीही असो, आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून १५. दोन मिनिटांत सगळ्यांना पुरेसं वाटायला लागतं. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. आणि मुलांना स्पष्ट सांगा की ओरखडा सांगितल्याबद्दल रागावणार नाही. रागाच्या भीतीनेच मुलं लपवतात.

पाणी: उकळलेलं सगळ्यात खात्रीचं. क्लोरीनच्या गोळीला निदान ३० मिनिटं द्यावी लागतात आणि तरीही सायक्लोस्पोरा नावाचा परजीवी तिला दाद देत नाही. नेपाळमध्ये मे ते सप्टेंबर तो जोरात असतो. जुलाब थांबून पुन्हा सुरू होतायत, मूल गळून गेलंय, भूक मेलीये आणि नेहमीचं प्रतिजैविक लागू पडत नाही, अशा वेळी डॉक्टरांना हे नाव सुचवा, कारण त्याचं औषध वेगळं आहे. कच्ची कोशिंबीर, पुदिन्याची ओली चटणी टाळा.

वीस मुलं, आठ दिवस, यासाठी पेटीत निदान एवढं: एक लिटरची ओआरएस पाकिटं ६०, पॅरासिटामॉल ५०० च्या १०० गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीने ओन्डान्सेट्रॉन (उलटीवर) आणि सेटिरिझिन (अॅलर्जीवर), क्रेप बँडेज ६, गॉझ, पोव्हिडोन आयोडीन, डिजिटल थर्मामीटर २, ऑक्सिमीटर २, हातमोजे एक खोका. दम्याच्या मुलाचा पंप दोन, एक त्याच्याजवळ, एक शिक्षकाकडे, स्पेसरसकट (पंपाला जोडायची नळी). इन्शुलिन हातसामानात, विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं. कुठलं औषध, कुणाला, किती वाजता, याची वही ठेवा. दोन शिक्षकांनी एकाच मुलाला तासाभरात दोनदा पॅरासिटामॉल देणं हे वाटतं त्याहून सहज घडतं.

तराईत, म्हणजे चितवनकडे, डेंग्यू असतो. पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं मलम दिवसाही. धनुर्वाताची दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची मात्रा झाली आहे ना, बघा.

पालक_नाशिक

मुलीच्या कॉलेजने काठमांडूतल्या एका अनाथाश्रमात दहा दिवस सेवा असा कार्यक्रम आखलाय. हेतू चांगला आहे, पण तिच्या सुरक्षिततेसाठी नेमके कोणते प्रश्न विचारावेत?

सहयोगिनी

पालक_नाशिक, माझी कळकळीची विनंती, तो कार्यक्रमच बदलायला सांगा. हे तुमच्या मुलीपेक्षाही तिथल्या मुलांसाठी.

नेपाळमधली बहुतांश बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत आहेत. पर्यटक नेमके तिथेच जातात. आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. चांगल्या शिक्षणाचं आमिष दाखवून दुर्गम गावांतून मुलं आणायची, कागदोपत्री अनाथ दाखवायची आणि पाहुण्यांकडून देणग्या घ्यायच्या, हा प्रकार तिथे पुरता उघडकीला आलेला आहे. पाहुणे जितके जास्त येतात, तितकी घरापासून तोडलेली मुलं जास्त लागतात. त्यात दर दहा दिवसांनी नवे ताई-दादा जीव लावतात आणि निघून जातात. प्रत्येक वेळी ते मूल पुन्हा एकदा सोडलं जातं.

जी संस्था ओळखीची पडताळणी न करता वीस अनोळखी तरुणांना मुलांच्या खोल्यांपर्यंत जाऊ देते, ती आपल्याही मुलांना सुरक्षित ठेवणार नाही.

त्याऐवजी गावातल्या नियमित शाळेत, तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली काम मागा: वाचनालयाची मांडणी, विज्ञानाचे प्रयोग, संगणकांची दुरुस्ती. वर्ग शिक्षकच चालवतील, आपली मुलं मदतनीस. काही अटी लिहून घ्या. स्थानिक मुलासोबत बंद खोलीत एकटं कुणीच नाही. फोटो शाळेच्या परवानगीनेच, नाव-गावासकट समाजमाध्यमावर कधीही नाही. फोन क्रमांकांची देवाणघेवाण नाही. चॉकलेटं, वह्या हातात वाटायच्या नाहीत, द्यायचं ते शाळेकडे.

बांधकाम असेल तर रंगकाम आणि विटा वाहण्यापुरतं. डोक्याच्या वर उंचीचं काम नाही, जुने सिमेंटचे पत्रे कापायचे नाहीत, त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं.

आपल्या मुलींबद्दल: कॉलेजांतल्या लैंगिक छळाविरोधी तक्रारींसाठी यूजीसीचे २०१५ चे विनियम आहेत, त्यांत कॉलेजच्या आवाराबाहेरचे अभ्यासदौरेही धरलेले आहेत. म्हणजे तक्रार अंतर्गत समितीकडे तशीच जाते. समितीच्या एका सदस्याचा थेट क्रमांक निघण्याआधीच प्रत्येकीकडे असू द्या, आणि तो दौऱ्यातल्या शिक्षकाचा नसावा.

दिशादर्शक

सहयोगिनी, मनापासून आभार, हा मुद्दा मूळ लेखातच हवा होता.

विम्यावर कुणी लिहील का? आणि मुलांमागे शिक्षक किती?

हिशेबनीस

विमा: 'परदेश प्रवास' एवढंच बघून घेऊ नका. चार गोष्टींचं उत्तर ईमेलवर घ्या. नेपाळ क्षेत्रात धरलंय का? ट्रेकिंग किती मीटरपर्यंत? हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च आहे का आणि त्याआधी कुणाची मंजुरी लागते? गंभीर आजारात पालकाला बोलावून घेण्याचा खर्च मिळतो का?

मंजुरीचा मुद्दा कळीचा आहे. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत खोट्या हेलिकॉप्टर बचावांचं मोठं रॅकेट समोर आलं: साधी डोकेदुखी असली तरी हेलिकॉप्टर मागवायचं आणि बिल विम्यावर टाकायचं. तेव्हापासून विमा कंपन्या कागद बारकाईने बघतात. मदतकक्षाचा क्रमांक प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये आणि खिशातल्या कागदावर, दोन्हीकडे.

डोंगरवाट

शिक्षक: आठ मुलांमागे एक, पण गट कितीही लहान असला तरी मोठी माणसं किमान तीन. एक मूल रुग्णालयात गेलं की एक शिक्षक तिथे अडकतो, दोघांनी उरलेला गट सांभाळायचा. मुली असतील तर किमान दोन शिक्षिका, याच हिशेबाने.

मोजणी डोकी मोजून करू नका. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि बसच्या दारात उभं राहून मुलांनी ओरडून सांगायचा: एक, दोन, तीन… डोकी मोजताना वीसच्या जागी एकोणीस भरली तर पुन्हा मोजण्यात वेळ जातो आणि कोण राहिलं ते कळतच नाही. क्रमांकात सात नंतर शांतता पडली की आठवा कोण हे लगेच कळतं. गाडी हलण्याआधी दरवेळी, हॉटेलातून बाहेर पडताना दरवेळी.

नदी-तलाव: पोखराच्या फेवा तलावात लाइफ जॅकेटशिवाय नाव नाही, पट्टे शिक्षकाने ओढून बघायचे. नदीत पाय धुवायलाही उतरायचं नाही. २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढताना धरणाचं पाणी सुटलं आणि हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. नेपाळच्या नद्यांवरही जलविद्युत प्रकल्प आहेत. शिवाय चितवनच्या राप्तीत मगरी.

घाटवळण

हॉटेलबद्दल एक राहिलं. न्हाणीघरातला गॅस गिझर. थंडीत खिडकी बंद, गिझर आत आणि मूल दहा मिनिटं अंघोळ करतंय. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, मूल आवाजही न करता कोसळतं. खोली घेताना गिझर बाहेर आहे का बघा. आत असेल तर बादलीत पाणी भरून गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळ. खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. हा वायू ओळखून वाजणारी, बॅटरीवर चालणारी गजरपेटी मुठीएवढी असते, दोन न्या.

भूकंप: एप्रिल २०१५ चा ७.८ चा होता. खालचे मजले मागा, झोपताना चपला आणि टॉर्च उशाशी. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना बाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत एकदा चालवून आणा.

वर्गशिक्षिका

आणि घरच्यांशी संपर्क? साठ पालकांचा व्हॉट्सअॅप गट पुरेल ना?

दिशादर्शक

नाही पुरणार. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने व्हॉट्सअॅपसह २६ समाजमाध्यमं बंद केली. ८ तारखेला आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, ९ तारखेला काठमांडूचा विमानतळ बंद झाला. नेमकी गरज असते तेव्हा असं होऊ शकतं.

म्हणून रचना अशी: भारतात एक संपर्कव्यक्ती, जी दौऱ्यात नाही. तिच्याकडे यादी, रक्तगट, विमा, हॉटेलचे क्रमांक. रोज भारतीय वेळेनुसार रात्री ८ ला साधा एसएमएस: "सगळे २४, मुक्काम अमुक". नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं, म्हणून कोणतं घड्याळ ते ठरवा. ८:३० पर्यंत आला नाही तर फोन, ९ पर्यंत लागला नाही तर हॉटेल, मग दूतावास. शिक्षकांकडे किमान दोन स्थानिक सिम, नेपाल टेलिकॉम आणि एनसेल अशी वेगवेगळी.

संचारबंदीत हॉटेल सोडून विमानतळाकडे धावायचं नाही. दोन दिवसांचं पाणी आणि कोरडा खाऊ खोलीत असतोच असं धरून चाला, म्हणजे तो आधी घेऊन ठेवा. आणि दौरा थांबवायचा अधिकार निघण्याआधी एका शिक्षकाला लेखी द्या, संस्थेला विचारायची गरज न ठेवता.

प्रत्येक मुलाच्या खिशात लॅमिनेट केलेलं कार्ड. देवनागरीत लिहिलं की नेपाळमध्ये कुणीही वाचतं, ही मोठी सोय आहे:

नाव – रक्तगट – अॅलर्जी
म भारतीय विद्यार्थी हुँ। कृपया यो नम्बरमा फोन गर्नुहोस्। (खाली दोन शिक्षकांचे स्थानिक क्रमांक)
हॉटेलचं नाव आणि टोल (म्हणजे वस्ती)
प्रहरी १००, दमकल १०१, एम्बुलेन्स १०२, पर्यटक प्रहरी ११४४

मागच्या बाजूला मुलांसाठी तीन शब्द: पहिरो म्हणजे दरड, बाटो बन्द म्हणजे रस्ता बंद, अस्पताल कहाँ छ म्हणजे रुग्णालय कुठे आहे. @वर्गशिक्षिका, कार्डाचा नमुना करायला घेतलात तर अॅलर्जीचा रकाना लाल ठेवा, अक्षर जाड ठेवा. टॉर्चच्या उजेडात वाचायची वेळ येते.